घराचा भाव: दारासमोरचा पुकारा आणि रुमालाखालची बोटं

आजच्या भागाचा विषय अगदी घरगुती आहे. शब्दशः घरगुती. घर विकत घेताना भाव कसा ठरतो आणि हा भाव ठरवण्याची पद्धत आपल्याकडे, मुख्यतः मुंबईत, गेल्या शंभर वर्षांत कशी बदलत गेली, याबद्दल आज बोलायचं आहे. हा भाग ऐकून तुमच्या फ्लॅटचे पाच लाख कमी होतील असं आश्वासन मी देणार नाही. पण समोरचा माणूस किंमत सांगतो तेव्हा तो नेमकं काय सांगतोय आणि काय सांगत नाहीये, हे थोडं जास्त कळेल, इतकं मात्र नक्की.

मुंबईत जुन्या पिढीतल्या कुणालाही विचारून बघा, "घर केवढ्याला घेतलं?" उत्तर बऱ्याचदा दोन आकड्यांत येतं. कागदावर इतके, वर इतके. भाजी घेताना, सायकल घेताना, अगदी सोनं घेताना सुद्धा आपण एक आकडा सांगतो. मग घरालाच दोन आकडे का? हा दुसरा आकडा आला कुठून? त्याच्या मागे लागलो की बराच मोठा इतिहास हाती लागतो.

सुरुवात थोडी लांबून करू.

चाळीस शेजाऱ्यांसमोर

कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तिसऱ्या अधिकरणात घर आणि जमीन विकण्याचे नियम आहेत. घर विकायचं असेल तर पहिला हक्क नातेवाइकांचा, मग शेजाऱ्यांचा, मग सावकारांचा. त्यांना नको असेल तर बाहेरच्यांचा. आणि विक्री कशी करायची? आसपासच्या चाळीस कुळांच्या उपस्थितीत, घराच्या दारासमोर उभं राहून, किंमत पुकारायची. तीनदा पुकारायची. कुणी हरकत घेतली नाही, तर त्या किमतीला घर घेणाऱ्याचं.

किती स्वच्छ पद्धत आहे बघा. किंमत सगळ्यांना ऐकू येते. घेणाऱ्याला कळतं, शेजाऱ्याला कळतं, राजाच्या अधिकाऱ्यालाही कळतं. पण त्याच ठिकाणी पुढे एक नियम आहे. दोन गिऱ्हाइकांत चढाओढ लागून किंमत वाढली, तर वाढलेली रक्कम शुल्कासकट राजाच्या कोशात जमा!

आता तुम्ही विकणारे आहात अशी कल्पना करा. वरची रक्कम तुम्हाला मिळणारच नाही, ती राजा नेणार. मग तुम्ही काय कराल? जास्त देणाऱ्याला बाजूला घ्याल आणि म्हणाल, "दारासमोर आपण शंभरच पुकारू. बाकीचे वीस संध्याकाळी देऊन जा." मौर्यकाळात लोक असं करत होते का, याचा पुरावा मी देत नाहीये. नियमाची रचनाच असा मोह घालते, एवढंच म्हणतोय.

पुकाऱ्याच्या बरोबर उलटी पद्धत आपल्या गावाकडच्या जनावरांच्या बाजारात होती. दोन व्यापारी समोरासमोर बसणार, हातावर रुमाल किंवा उपरणं टाकणार आणि त्याखाली एकमेकांची बोटं दाबून भाव सांगणार. चारी बाजूंनी माणसं उभी, पण आकडा कुणालाच कळत नाही. बैलाचा मालकसुद्धा कित्येकदा दलालाच्या तोंडाकडेच बघत राहायचा.

या दोन पद्धती डोक्यात ठेवा. दारासमोरचा पुकारा आणि रुमालाखालची बोटं. मुंबईतल्या घराच्या भावाचा इतिहास या दोघांच्या ओढाताणीचा आहे. सरकार दर वेळी एक आकडा उजेडात आणतं आणि घासाघीस सरकून दुसऱ्या कुठल्या तरी रुमालाखाली जाते.

पागडी

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतला सामान्य माणूस घर विकत घेतच नव्हता. तो भाड्याने राहायचा. १८९६ मध्ये प्लेग आला, त्यानंतर १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला, दाटीवाटीच्या वस्त्या पाडून नवे रस्ते काढले गेले. चाळी उभ्या राहत होत्या, पण गिरण्या आणि गोदीसाठी येणारी माणसं त्याहून वेगाने येत होती. पहिल्या महायुद्धात भाडी इतकी चढली की १९१८ मध्ये सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा आणावा लागला. तेव्हा तो युद्धकाळापुरता होता.

कायमचा घाव घातला १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने. या कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजी जे भाडं होतं, ते साधारणपणे प्रमाण भाडं म्हणून गोठवलं. हेतू चांगला होता. महायुद्ध नुकतंच संपलेलं, फाळणीनंतर सिंधमधून हजारो कुटुंबं मुंबईत आलेली. घरमालकाने अडलेल्याला नाडू नये म्हणून तो कायदा होता.

पण झालं काय? खोलीचं भाडं गोठलं, खोलीची किंमत गोठली नाही. कागदावर दरमहा पंचवीस रुपये भाडं असलेल्या खोलीसाठी लोक हजारो रुपये मोजायला तयार होते. हा मधला फरक कुठे तरी जाणारच. तो गेला पागडीत. नवा भाडेकरू आत येताना एकरकमी रोख रक्कम द्यायचा. जुना भाडेकरू सोडून जात असेल तर त्यातला मोठा वाटा त्याला, आणि पावती नव्या माणसाच्या नावाने करून देण्याबद्दल घरमालकाला वाटा. हा वाटा बऱ्याच ठिकाणी एक तृतीयांशाच्या आसपास धरला जायचा, पण ठाम नियम कुठला असणार? कायद्याच्या कलम १८ आणि १९ प्रमाणे मालकाने घेतलेली पागडीही गुन्हा आणि भाडेकरूने घेतलेलीही गुन्हा.

म्हणजे या सौद्यात तीन माणसं बसायची. जाणारा, येणारा आणि मालक. भावाची खेचाखेच व्हायची, दलाल मध्ये पडायचा, नोटा मोजल्या जायच्या. आणि शेवटी येणाऱ्याच्या हातात काय पडायचं? पंचवीस रुपयांची भाडेपावती. आयुष्यभराची पुंजी, बायकोचे दागिने, गावची विकलेली जमीन, हे सगळं त्या पावतीच्या मागे होतं आणि पावतीवर त्याचा उल्लेख नव्हता. उद्या मालक फिरला तर कोर्टात जाऊन "मी वीस हजार दिले होते" असं म्हणायची सोय नव्हती, कारण ते देणं-घेणंच बेकायदेशीर.

मुंबईत घराच्या भावाला दुसरा आकडा चिकटला तो इथे. आधी काळा पैसा आला आणि मग पागडी आली, असं नाही. भाव आणि कायदा यांत फट पडली आणि रोकड त्या फटीत जाऊन बसली.

ही फट किती काळ राहिली? डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात म्हटलं, की १९४० चं भाडं असं गोठवून ठेवणं आता वाजवी राहिलेलं नाही. त्यानंतरचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० रोजी लागू झाला. त्यात वर्षाला ४ टक्के भाडेवाढ आली आणि पागडी घेणं कायदेशीर ठरलं. अर्ध्या शतकाहून जास्त काळ जो व्यवहार सगळं शहर करत होतं, त्याला शेवटी मान्यता मिळाली. तोवर तीन पिढ्यांनी त्या पावतीवर संसार केले होते.

मालकीचा फ्लॅट

भाडं गोठल्यावर भाड्यासाठी इमारत बांधायला कोण पुढे येणार? मग बांधून विकणं सुरू झालं. सहकारी घरांची वाट मुंबईत जुनी होती. गावदेवीची सारस्वत सोसायटी १९१५ ची, रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकींच्या पुढाकारातून उभी राहिलेली. तिथे सभासद एकत्र येऊन जागा घ्यायचे, खर्च वाटून घ्यायचे. तिथे घासाघीस होती ती कंत्राटदाराशी, आणि हिशेब सगळ्या सभासदांसमोर.

पन्नास-साठच्या दशकांत चित्र पालटलं. आता बिल्डर जमीन घेणार, नकाशा काढणार, लोकांकडून पैसे गोळा करणार, त्या पैशांवर इमारत चढवणार आणि नंतर सोसायटी करून देणार. 'ओनरशिप फ्लॅट' हा शब्द मुंबईकराच्या तोंडी बसला. तक्रारी इतक्या वाढल्या की राज्य सरकारने १९६० मध्ये समिती नेमली आणि १९६३ मध्ये महाराष्ट्र ओनरशिप फ्लॅट्स कायदा आला. वकील मंडळी ज्याला 'मोफा' म्हणतात, तोच. त्याने सांगितलं, की लेखी करारनामा करून तो नोंदवल्याशिवाय किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त आगाऊ रक्कम घ्यायची नाही. जमिनीची कागदपत्रं दाखवायची, नकाशे दाखवायचे.

वाटाघाटीच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. घासाघिशीत आपली ताकद असते ती उठून जाण्याची. "नाही परवडत, चाललो," हे वाक्य खरं असेल तरच समोरचा खाली येतो. अर्धी रक्कम भरून बसलेला माणूस कुठे उठून जाणार? इसार जितका मोठा, तितकी घेणाऱ्याची जीभ जड. २० टक्क्यांची मर्यादा त्याच्यासाठी होती. पुढे रेरा कायद्याने ती १० टक्क्यांवर आणली, त्याचंही कारण हेच.

साठ-चाळीस

आता सत्तरचं दशक. पागडीत रुजलेली दुसऱ्या आकड्याची सवय मालकीच्या फ्लॅटमध्ये उतरली, आणि तिला खतपाणी मिळालं करांच्या दरांचं. या दशकाच्या सुरुवातीला आयकराचा सर्वोच्च दर अधिभारासकट ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता. शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये हातात! वर मुद्रांक शुल्क, भांडवली नफ्यावरचा कर. मग बिल्डर किंवा विकणारा सहज विचारू लागला, "पांढरे किती देणार?" साठ-चाळीस, पन्नास-पन्नास असे शब्द रूढ झाले.

इथे एक हिशेब करून पाहू. समजा, फ्लॅटचा भाव ठरला दहा लाख. त्यातले सहा कागदावर, चार रोख. विकणाऱ्याचा फायदा उघड आहे, चार लाखांवर कर नाही. घेणाऱ्याला सांगितलं जायचं की तुमचंही मुद्रांक शुल्क वाचतंय. पण दहा वर्षांनी तोच फ्लॅट विकायला काढला, की त्याची खरेदी कागदावर सहाच लाख. नफा फुगलेला दिसणार. मग तो पुढच्या घेणाऱ्याकडे रोख मागणार. असा हा दुसरा आकडा एका हातातून दुसऱ्या हातात जात राहतो. जो शेवटी पूर्ण पांढऱ्यात विकतो, त्याच्या बोकांडी सगळ्यांचा कर बसतो.

आणि यात खरा मार कुणाला बसला? पगारदाराला. शाळेतला शिक्षक, बँकेतला कारकून, रेल्वेतला, महापालिकेतला माणूस. याच्याकडे जे काही आहे ते पांढरंच. एचडीएफसी १९७७ मध्ये स्थापन झाली आणि नोकरदाराला घरासाठी कर्ज मिळण्याची वाट रुंद झाली. पण कर्ज मिळतं ते कागदावरच्या किमतीवर. वरचे चार लाख तो आणणार कुठून? सोसायटीतून कर्ज, नातेवाइकांकडून उसने, गावचा तुकडा विकून. नाहीच जमलं तर दुसऱ्या घराच्या शोधात आणखी दोन स्टेशनं पुढे. दादर नाही जमलं म्हणून मुलुंड, मुलुंड नाही म्हणून डोंबिवली. कित्येक मराठी कुटुंबं मुंबईतून बाहेर सरकत गेली, त्याची कारणं अनेक आहेत. मला वाटतं, 'वरचे पैसे' हे त्यातलं एक कारण आहे आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. पगारदार माणूस भावात हरत नव्हता, तर त्या भावाचा एक भाग ज्या नाण्यात मोजला जायचा ते नाणंच त्याच्याकडे नव्हतं.

सरकारच गिऱ्हाईक

सरकार गप्प होतं का? नाही. १९७२ मध्ये आयकर कायद्यात प्रकरण २०-अ आलं. कागदावरची किंमत बाजारभावापेक्षा १५ टक्क्यांहून जास्त कमी असेल आणि ती करचुकवेगिरीसाठी कमी दाखवली असेल, तर सरकार ती मालमत्ता संपादन करू शकेल, असा तो नियम. सिद्ध करायला अवघड. १९८१ मध्ये के. पी. वर्गीस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कायद्यातल्या दुसऱ्या एका कलमाच्या संदर्भात स्पष्टच सांगितलं, की विकणाऱ्याला कागदापेक्षा जास्त पैसे मिळाले हे दाखवण्याची जबाबदारी आयकर खात्याची आहे. आणि रोकडीचा पुरावा कुणी ठेवतो का?

मग १९८६ मध्ये एक धाडसी युक्ती आली, प्रकरण २०-क. १ ऑक्टोबर १९८६ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास या शहरांत दहा लाखांहून मोठा व्यवहार असेल, तर घेणारा आणि विकणारा दोघांनी मिळून ३७-आय नावाचा फॉर्म भरायचा आणि थांबायचं. सरकारी अधिकारी बघणार. किंमत संशयास्पद रीतीने कमी वाटली, तर सरकार म्हणणार, "याच किमतीला आम्हीच घेतो." झालं. कागदावरची किंमत सरकार चुकती करणार, घर सरकारचं, पुढे लिलाव.

आठवतंय का काही? दारासमोरचा पुकारा! "या किमतीला कोण घेतं?" असं विचारल्यावर गर्दीतून सरकारनेच हात वर करायचा. काही पुरावा शोधायला नको. किंमत खोटी असेल तर खोटं बोलणाऱ्यालाच त्या किमतीला विकायला लावायचं. कौटिल्याला ही कल्पना नक्की आवडली असती.

व्यवहारात मात्र त्याला अनेक कंगोरे होते. एखाद्याने खरंच अडचणीत घर स्वस्तात काढलं असेल तर? भावा-भावांतला व्यवहार असेल तर? दिल्लीच्या सी. बी. गौतम खटल्यात १७ नोव्हेंबर १९९२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तरतूद टिकवली, पण सांगितलं की आधी दोन्ही बाजूंचं ऐकून घ्या, मगच ताबा घ्या. १५ टक्के किंवा त्याहून जास्त फरक असेल तर किंमत दडवल्याचा अंदाज धरता येईल, पण तो अंदाजच. तो खोडून काढण्याची संधी द्यायला हवी.

आता यातून बाजार काय शिकला बघा. १५ टक्के हा आकडा लोकांनी पाठ करून टाकला. पांढरा भाग किती ठेवायचा, याची घासाघीस आता 'सरकार उडी मारणार नाही इतका' या हिशेबाने होऊ लागली. रुमाल गेला नाही, लहान मात्र झाला. १ जुलै २००२ नंतरच्या व्यवहारांना हे प्रकरण लागू राहिलं नाही.

रेडी रेकनर

त्याच्या जागी आली आणखी साधी पद्धत. महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कासाठी १९९५ च्या नियमांनुसार बाजारमूल्याचे वार्षिक दर तक्ते तयार होऊ लागले होते. यालाच आपण रेडी रेकनर म्हणतो. अमुक विभागात, अमुक सर्वे नंबरात, निवासी बांधकामाचा दर चौरस मीटरला इतका. केंद्र सरकारने २००२ च्या वित्त कायद्याने आयकरात कलम ५०-सी घातलं. तुम्ही घर रेडी रेकनरपेक्षा कमी किमतीला विकलंत, तरी कर मोजताना किंमत रेडी रेकनरची धरणार. २०१३ च्या वित्त कायद्यापासून घेणाऱ्यालाही हा नियम लागला. फरकाची रक्कम त्याचं उत्पन्न समजायची.

म्हणजे सरकारने घराच्या भावाला तळ बांधला. पागडीच्या काळात कायदा भावाला वरून दाबत होता, आता तो खालून धरून ठेवतो. दोन्हीचा परिणाम घासाघिशीवर होतोच.

उदाहरण घ्या. रेडी रेकनरप्रमाणे फ्लॅटची किंमत एक कोटी. बाजार थंड आहे, विकणाऱ्याला गरज आहे, तुम्ही ८५ लाखांवर त्याला आणलंत. खूश! पण सध्याच्या नियमात सूट १० टक्क्यांची आहे आणि ८५ लाखांच्या दहा टक्क्यांनी तुम्ही ९३.५ लाखांपर्यंतच पोहोचता. मग मुद्रांक शुल्क एक कोटीवर, विकणाऱ्याचा नफा एक कोटी धरून, आणि तुमच्या उत्पन्नात १५ लाखांची भर, तिच्यावर तुमच्या दराने कर. तोच सौदा ९२ लाखांना झाला, तर दहा टक्के धरून १०१ लाखांच्या वर जातो आणि तुम्ही सूटीत बसता. म्हणजे ८५ आणि ९२ मधला फरक दिसतो सात लाखांचा, पण हातात तेवढा पडत नाही. ही सूट आधी नव्हतीच. २०१८ मध्ये ५ टक्के आली, २०२० मध्ये १० झाली. भाव पाडायच्या आधी तळ कुठे आहे ते बघून ठेवा.

खोलीची लांबी-रुंदी

रोकड कमी कमी होत गेली. १ जून २०१३ पासून ५० लाख किंवा त्याहून मोठ्या व्यवहारात घेणाऱ्याने १ टक्का टीडीएस कापायचा, १ जून २०१५ पासून घराच्या व्यवहारात वीस हजार किंवा त्याहून जास्त रोख घ्यायची नाही, ८ नोव्हेंबर २०१६ ची नोटबंदी. रोकड संपली, असं मी म्हणणार नाही. पण नव्या इमारतीत, बँकेचं कर्ज घेऊन घर घेणाऱ्याला पूर्ण पांढऱ्यात व्यवहार करणं खूपच सोपं झालं.

मग घासाघीस कुठे सरकली? क्षेत्रफळात. चौरस फुटाचा दर पाडून दिला आणि चौरस फूटच वाढवले तर? कार्पेट, बिल्ट-अप, सुपर बिल्ट-अप. जिना, लिफ्ट, लॉबी, गच्ची, सगळ्याचा वाटा तुमच्या फ्लॅटमध्ये 'लोड' करायचा. हजार फुटांचा म्हणून घेतलेल्या घरात टेप लावली तर साडेसहाशे फूट. म्हणजे दर दहा हजार ठरवला, प्रत्यक्षात पडला पंधरा हजारांच्या वर. दरावर दोन तास भांडून जे मिळवलं, ते 'लोडिंग'ने दोन मिनिटांत परत नेलं. तसंच पार्किंगचं. पंचाली सोसायटीच्या खटल्यात २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की स्टिल्ट किंवा उघडं पार्किंग स्वतंत्र वस्तू म्हणून बिल्डरला विकता येत नाही. म्हणजे तोवर ते विकलं जात होतं.

१ मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं. कार्पेट एरियाची व्याख्या कायद्यात आली. बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची वगळून आतली वापरायची जागा, आतल्या भिंती धरून. प्रकल्पाची माहिती वेबसाइटवर. आणखी एक आकडा रुमालाबाहेर आला.

आणि आज? आज नव्या इमारतीत गेलात तर एक गंमत दिसेल. बिल्डर दर कमी करायला चटकन तयार होत नाही. पण मुद्रांक शुल्क आम्ही भरू, मॉड्युलर किचन देऊ, ताबा मिळेपर्यंत हप्ता आम्ही भरू, असं सगळं म्हणतो. कारण साधं आहे. दर कागदावर येतो. कागदावर आलेला कमी दर पुढच्या गिऱ्हाइकाला दिसतो, आधीच्या गिऱ्हाइकाला झोंबतो आणि बँकेच्या मूल्यांकनातही मोजला जातो. किचनची किंमत कुठेच नोंदली जात नाही. म्हणजे रुमाल अजून आहे, फक्त त्याच्याखाली आता नोटांऐवजी सवलती आहेत. म्हणून अशा सवलतींची बेरीज करायची, ती एकूण रकमेतून वजा करायची, उरलेल्याला कार्पेट एरियाने भागायचं. जो दर येतो तो खरा. बोलणी त्यावर करायची.

इंडेक्स दोन

आता शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात कामाचा. आपल्याकडे नोंदणी झालेल्या प्रत्येक खरेदीखताचा गोषवारा 'सूची क्रमांक दोन' म्हणजे इंडेक्स टूमध्ये असतो. नोंदणी विभागाच्या वेबसाइटवर त्याचा शोध घेता येतो. त्या एका पानावर दोन आकडे शेजारी शेजारी असतात. एक 'मोबदला', म्हणजे घेणाऱ्याने किती दिले. दुसरा 'बाजारभाव', म्हणजे सरकारच्या तक्त्याप्रमाणे किती. ज्या इमारतीत तुम्ही घर बघताय, तिथे गेल्या वर्षभरात झालेले व्यवहार काढा. दलाल म्हणतो "इथे अमुक दराने चाललंय." चाललंय का ते बघा.

तरीसुद्धा बहुतेक लोक काय करतात? मुलांच्या शाळेची, वधू-वरांच्या पत्रिकेची दहा ठिकाणी चौकशी करतात. आणि आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या खरेदीत समोरच्याने सांगितलेल्या आकड्यापासून सुरुवात करून पाच टक्के खाली आणण्याला वाटाघाट म्हणतात. आपला पहिला आकडा समोरच्याच्या तोंडातून घ्यायचा नाही. तो नोंदीतून काढायचा. हे पागडी देणाऱ्या माणसाला शक्य नव्हतं. शेजारच्या खोलीला किती पागडी पडली, हे त्याला कुजबुजीतूनच कळायचं, आणि खरं-खोटं करायला जागा नव्हती. साठ-चाळीसच्या काळातली नोंद तर खोटीच असायची. नोंदीतल्या आकड्यावर विसंबून बोलणी करता येतील, अशी परिस्थिती सामान्य घेणाऱ्याच्या वाट्याला आत्ता कुठे आली आहे.

आणि म्हणूनच एक विनंती. कुणी म्हणालं, "थोडे वर देऊन टाका, भाव कमी करतो," तर पैसे वाचल्याचा आनंद मानू नका. कायदा मोडला जातोच, पण तुमच्या घराची नोंद खोटी होते. उद्या त्याच इमारतीत घर बघणारा एखादा शिक्षक, एखादी नर्स, तुमचा आकडा बघून आपला अंदाज बांधणार आहे. चाळीस शेजारी आता दारासमोर जमत नाहीत. त्यांच्याकडे आहे ते हे एक पान. त्यावर खरं लिहिलेलं असणं हे आपल्या हातात आहे.

आजच्या भागात एवढंच. तुमच्या घरात पागडीच्या पावत्या, जुनी साठेखतं, साठ-सत्तरच्या दशकांतले करारनामे असतील तर ते जपून ठेवा, आणि त्यामागचा न लिहिलेला आकडा कुणा वडीलधाऱ्यांना आठवत असेल, तर तोही विचारून घ्या. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.